मदत हवी आहे: ऑक्टाव्हिया व्हीआरएसमध्ये ई१०० मिसळू की मिथेनॉल इंजेक्शन बसवू?

नमस्कार मंडळी,

गाडी २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २३० एचपीवाली, डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप), इंटेक (हवा आत घेणारा मार्ग) आणि ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) झालेलं आहे. टर्बो, इंटरकूलर (टर्बोने तापवलेली हवा थंड करणारा), इंधनाचे दोन्ही पंप कंपनीचेच. मी पुण्यात, गाव साताऱ्याकडे, त्यामुळे खंबाटकी घाट हाच माझा डायनो (गाडीची ताकद मोजायचं यंत्र).

दुखणं असं की थंडीत गाडी सुसाट पळते, पण एप्रिल-मेमध्ये घाटात लागोपाठ पूर्ण थ्रॉटल दिला की तिचा जीव जातो. लॉगमध्ये (इंजिनच्या नोंदींत) इंटेकची हवा ६० अंशांच्या वर दिसते आणि नॉक (इंधन अवेळी पेटणं) टाळायला दोन सिलिंडरांचं टायमिंग (ठिणगीची वेळ) ५-६ अंश मागे ओढलेलं असतं. शंभर ऑक्टेनचं (ऑक्टेन जास्त तितका नॉक कमी) पेट्रोल भरलं तर फरक पडतो. पण लिटरला दीडशेच्या वर मोजून रोज कोण भरणार?

ट्यूनरने दोन वाटा दाखवल्या आहेत.

पहिली इथेनॉलची. ‘ई’पुढचा आकडा म्हणजे इंधनात इथेनॉल किती टक्के. ई८५ आपल्याकडे सहज मिळत नाही, पण पुण्यात २०२१ साली तीन पंपांवर ई१०० चा प्रयोग सुरू झाला आणि २०२४ मध्ये इंडियन ऑइलने महाराष्ट्रासह पाच राज्यांत ते आणलं. नाव ई१०० असलं तरी त्यात इथेनॉल ९३ टक्क्यांच्या आसपास, बाकी थोडं पेट्रोल वगैरे. माझी टाकी ५० लिटरची. पंपावरचं साधं पेट्रोल आता ई२० आहेच, तेव्हा ई४० करायला ३६ लिटर साधं आणि १४ लिटर ई१०० असा हिशोब बसतो. हे एवढं मला जमतं. पुढचं जमत नाही: दर वेळी मिश्रण तंतोतंत येणार नाही, मग मॅप (इंधन, टायमिंग किती द्यायचं याचा इंजिन कॉम्प्युटरमधला तक्ता) कशाच्या भरवशावर लिहायचा?

दुसरी वाट मिथेनॉलची. डिकीत ५-७ लिटरची टाकी, पंप, इंटरकूलरनंतर थ्रॉटल बॉडीच्या अलीकडे नोझल, आणि ठरावीक बूस्टच्या (टर्बोच्या दाबाच्या) वर अर्धं पाणी-अर्धं मिथेनॉल असा फवारा. रोजच्या पेट्रोलला हात लावायचा नाही, हे मला आवडलं. शिवाय आमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं, व्हॉल्व्हवर काजळी धरतं. फवाऱ्याने ती थोडी धुतली जाईल हा वरकड फायदा.

आकड्यांचा हव्यास नाही. तीनशेच्या आसपास एचपी आहे ते पुरे, फक्त ते मे महिन्यातही मिळावं. ज्यांनी यातलं काही स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

– घाटमाथा

नॉकनॉक:
ई४० ला माझं मत. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा १०८ च्या घरात आणि बाष्पीभवनाची उष्णता पेट्रोलच्या दुपटीहून जास्त. तुमच्या इंजिनात ते थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, म्हणजे थंडावा नेमका हवा तिथे मिळतो. इंटेकच्या तापमानाचा आकडा मात्र तसाच दिसेल, त्याने घाबरू नका. टायमिंग किती मागे येतंय ते बघा.

मिश्रणाच्या भानगडीवर उपाय म्हणजे इंधनाच्या लाइनमध्ये इथेनॉल सेन्सर आणि त्यावर चालणारा फ्लेक्स मॅप, म्हणजे मिश्रणानुसार आपोआप बदलणारा. सेन्सरशिवाय करायचं तर मॅप ई३० ला पुरेल असा मवाळ ठेवा आणि टाकीत ई४० भरा. पाच टक्के इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही.

ई२० पेक्षा ई४० ला इंधन नऊ-दहा टक्के जास्त लागतं. कंपनीचा हाय प्रेशर पंप एवढं बहुतेक ओढतो, पण रेल प्रेशर (इंजेक्टरांकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब) लॉग केल्याशिवाय पैज लावू नका. मागणी २०० बारची आणि प्रत्यक्षात १६० वर घसरत असेल तर इथेनॉल कमी करा. तिथे ताणलं की मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं) आणि पुढचं बिल पिस्टनचं येतं.

बॅकसीट मेकॅनिक:
मालक, मिथेनॉल आणणार कुठून? महाराष्ट्रात ते विषारी पदार्थांच्या नियमांत येतं, साठवायला-विकायला परवाना लागतो. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलच्याच दारूने. त्यानंतर कुठलाही सरळ केमिकलवाला अनोळखी माणसाला कॅन देत नाही. दिला तर त्याच्याकडून घेऊ नये! ते कातडीतूनही अंगात भिनतं, डोळ्यांची नस जाते, आणि शुद्ध मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. कुटुंबाच्या गाडीत, मागच्या सीटपाठी, मे महिन्यात हे ठेवायचं?

दुसरं म्हणजे फेलसेफ, म्हणजे काही बिघडलं तरी इंजिन वाचवणारी सोय. पूर्ण बूस्टवर नोझल चोंदलं आणि मॅप मिथेनॉल गृहीत धरून लिहिलेला असेल तर नॉक सुरू व्हायला क्षणभरही लागत नाही. १९६२ च्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये कंपनीनेच पाणी-मिथेनॉलची टाकी दिली होती. टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप बंद. लोक टाकी भरायलाच विसरायचे, गाडी मंद पडली म्हणून तक्रारी करायचे, आणि शेवटी कंपनीने कितीतरी गाड्यांचे टर्बो फुकटात काढून दिले. आपण तरी कुठे वायपरचं पाणी वेळेवर भरतो?

तुमचं दुखणं उष्णतेचं आहे, इंधनाचं नाही. आधी मोठा इंटरकूलर टाका. तरी भागलं नाही तर नुसतं डिस्टिल्ड पाणी फवारा. बाष्पीभवनात पाणी मिथेनॉलच्या जवळजवळ दुप्पट उष्णता शोषतं. बीएमडब्ल्यूच्या एम४ जीटीएसमध्ये शुद्ध पाण्याचंच इंजेक्शन होतं.

सातारी तिखट:
डीएसजीचं कोणी बोललंच नाही. तुमचा सहा गिअरचा डीक्यू२५० साडेतीनशे-चारशे न्यूटन मीटरच्या हिशोबाने बनलाय आणि तुमच्या ट्यूनवर तिथवर आधीच पोचला असाल. इथेनॉलने टायमिंग वाढलं की मधल्या आरपीएमला टॉर्क उसळतो. ट्यूनरला सांगून खाली टॉर्क बांधून घ्या, वर मोकळा सोडा. आणि ई४० वर शहरात छोट्या फेऱ्या जास्त असतील तर ऑइल लवकर बदला, थंड इंजिनात इथेनॉल ऑइलमध्ये उतरतं.

घाटमाथा:
सर्वांचे आभार. मिथेनॉल बाद. घरी विषय काढला तेव्हा बायकोने मालवणीचं नाव माझ्याआधी घेतलं.

आता इंटरकूलर आधी. तो बसल्यावर उन्हाळ्यात त्याच चढावर पुन्हा लॉग घेतो, तरी टायमिंग मागे येत असेल तर ई३० चा मवाळ मॅप आणि सेन्सर. नॉकनॉक, ई३० ला सात लिटर ई१०० पुरेल ना? आणि २०१७ च्या गाडीची रबरी होजपायपं, सीलं याला किती टिकतील? ई२० वरच एका मित्राच्या जुन्या गाडीच्या होजला भेगा पडल्यात, म्हणून विचारतोय. डीलरकडे विचारलं तर नुसती मान हलवतात.

नॉकनॉक:
सात लिटर बरोबर. लो प्रेशर लाइनचे होज टेफ्लॉनवाले घालून घ्या, खर्च फार नाही. हाय प्रेशर बाजू स्टीलची आहे, तिथे काळजी नाही. इंटरकूलर कुठला घेताय ते इथेच टाका, आधी आणि नंतरचे लॉग मलाही हवेत.