ऑफिसचं डोंगल रात्री कोण चालू करतं?

(ग्रुप: आपली सोसायटी – फक्त कामाचे मेसेज)

रविवार, १८ ऑक्टोबर २०१५

बी-२०४ गोखले, खजिनदार: सर्वांना नमस्कार. ऑफिसच्या डोंगलचं (कॉम्प्युटरला लावतो ते नेटचं) बिल आलं. १,९१२ रुपये. पॅक आपला २५० चा. कुणाला काही सांगायचंय का?

ए-३०२ जोशीकाका: हे बिल कोणी पास केलं?

बी-२०४ गोखले: काका, पास केलेलं नाही. म्हणून तर विचारतोय.

सी-१०१ शिंदेवहिनी: भोंडला आज ६ वाजता गच्चीवर. खिरापत झाकून आणा, मागच्या वेळी वासावरूनच ओळखली 🙏

ए-४०३ रोहन: पॅक संपला की दहा केबीला चार पैसे. म्हणजे एमबीला चार रुपये दहा पैसे. १४ टक्के सर्व्हिस टॅक्स धरला तर साडेतीनशे एमबी जादा गेलंय. सावंतकाका पिक्चर बघतात वाटतं 😄

बी-३०१ पाटील, सेक्रेटरी: रोहन, सावंत ग्रुपवर आहेत.

सावंत (ऑफिस): मी साडेसहाला कुलूप लावून जातो साहेब. किल्ली वॉचमनकडेपण नसते.

ए-४०३ रोहन: गंमत केली काका, मनावर घेऊ नका.

ए-३०२ जोशीकाका: गंमत राहू द्या. बिल कोणी पास केलं?

सी-२०२ देवकाका: मी काल ऑफिसात बसून बघितलं. इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची नोंदवही, तिच्यात रासक्लायंट या नावाने नेटच्या नोंदी असतात, कधी जोडलं, कधी तुटलं. शुक्रवारी रात्री १:१०, १:४२, २:१५, मग पहाटेपर्यंत असंच. माणूस कोणी नाही, डोंगल स्वतःच लागतंय.

बी-३०३ कुलकर्णीमॅडम: बाई गं! हॅक तर नाही ना झालं? त्यात आपल्या सगळ्यांचे फोन नंबर आहेत.

सी-२०२ देवकाका: हॅक वगैरे काही नाही. हे जुनं डोंगल म्हणजे मोडेमच. विंडोजच्या लेखी ते डायल-अप, म्हणजे नंबर फिरवून जोडायचं कनेक्शन. नंबर बघा काय लावतं, *९९#. अँटिव्हायरसला अपडेट हवं असतं, घड्याळाला वेळ जुळवायची असते. कुणीही इंटरनेट मागितलं की विंडोज फोन लावतं. ऑफिस तळघरात, रेंज सारखी जाते. तुटलं की परत लावतं.

ए-४०३ रोहन: सोपं आहे काका. ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ टाका, डोंगलच्या सेटिंगचं पान उघडेल, कनेक्शन मोड मॅन्युअल करा. झालं.

सी-२०२ देवकाका: टाकून बघितलं. पान उघडत नाही. ते नव्या प्रकारच्या डोंगलला चालतं, जे स्वतः राउटरसारखं वागतं. आपलं २०११ चं आहे.

ए-४०३ रोहन: मग नवीन घ्या ना. किती दिवस तेच 🙄

बी-२०४ गोखले: नवीन घ्या म्हणणाऱ्यांची दोन क्वार्टरची मेंटेनन्स बाकी आहे. नाव घेत नाही.

ए-४०३ रोहन: बाबांना सांगतो.

ए-१०४ देशपांडे: मुळात रात्रभर कॉम्प्युटर चालू का असतो? डोंगल काढून ड्रॉवरमध्ये ठेवा. विषय संपला.

सावंत (ऑफिस): पाटील साहेबांनी सांगितलंय बंद करू नका. चालू व्हायला वीस मिनिटं लागतात.

बी-३०१ पाटील: मी सकाळच्या कामाच्या दृष्टीने म्हणालो होतो.

सी-२०२ देवकाका: देशपांडे, डोंगल काढून प्रश्न सुटत नाही. दिवसा पण हेच होतं, पॅक दहा तारखेलाच संपतो. विंडोजमध्ये तीन ठिकाणी बदल करायचा आहे, मी केलाय. इंटरनेट ऑप्शन्समध्ये कनेक्शन्सच्या टॅबवर 'ऑलवेज डायल माय डिफॉल्ट कनेक्शन' होतं, ते 'नेव्हर डायल अ कनेक्शन' केलं. कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीडायल इफ लाइन इज ड्रॉप्ड' वर टिक होती, काढली. आणि सर्व्हिसेसमध्ये 'रिमोट ॲक्सेस ऑटो कनेक्शन मॅनेजर' डिसेबल केलं. एवढं करूनही लागायचं, कारण डोंगलच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळं ऑटो कनेक्ट असतं. ते कोणी तरी जूनमध्ये चालू केलेलं, तेही बंद केलं.

बी-२०४ गोखले: जूनमध्ये पाटीलसाहेबांचा भाचा आला होता ना 'सेटिंग करायला'?

बी-३०१ पाटील: त्याने फुकट काम केलं, चहासुद्धा घेतला नाही. आता बोट दाखवायला सगळे पुढे.

बी-२०४ गोखले: बोट नाही साहेब, तारीख दाखवली.

बी-३०३ कुलकर्णीमॅडम: देवकाका, तुम्हाला हे कसं हो इतकं येतं?

सी-२०२ देवकाका: टेलिफोनमध्ये जन्म गेला. ९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएलचं इंटरनेट आलं. पुढे घरोघरी लोक नेटसाठी फोनवरून १७२२२२ लावायचे. तेव्हा प्रत्येक वेळी लाइन तुटून परत लागली की नवा कॉल धरायचा, युनिट नव्याने पडायचं. मीटर तेवढाच पळायचा आणि घरचे म्हणायचे फोन एंगेज का. आमच्याकडे तक्रार यायची, 'आम्ही फोन केलाच नाही.' खरंच केलेला नसायचा. ईमेलचा प्रोग्राम दर अर्ध्या तासाला स्वतःच पत्र बघायला जायचा. मध्यरात्री मोडेम किंचाळला की म्हातारी माणसं उठून बसायची.

ए-१०४ देशपांडे: आमच्या वडिलांनी तर वायरच उपटली होती 😂

सी-१०१ शिंदेवहिनी: कोजागिरीला दूध किती सांगायचं? मागच्या वर्षी १२ लिटर उरलं, जोशीकाकांनी घरी नेलं.

ए-३०२ जोशीकाका: मी सहा नेलं. बाकीचं कुठे गेलं ते कमिटीला विचारा. आणि बिल कोणी पास केलं, उत्तर अजून नाही.

बी-२०४ गोखले: काका, बिल. पास. केलेलं. नाही.

ए-३०२ जोशीकाका: मग भरणार कोण?

(यानंतर संध्याकाळपर्यंत भोंडल्याचे ३४ फोटो)

सोमवार, १९ ऑक्टोबर

सी-२०२ देवकाका: सुप्रभात. रात्री एकही नोंद नाही.

बी-३०१ पाटील: उत्तम. कमिटीतर्फे आभार. भाच्यालाही कळवतो.

सावंत (ऑफिस): साहेब नेट लागत नाही. मेंटेनन्सची बिलं मेल करायची आहेत.

सी-२०२ देवकाका: आता आपोआप लागणारच नाही सावंत. डोंगलची खिडकी उघडा, कनेक्ट दाबा.

सावंत (ऑफिस): युजरनेम पासवर्ड मागतंय.

ए-४०३ रोहन: १९२.१६८.८.१ करून बघा

सी-२०२ देवकाका: रोहन, कॉलेजला जा. सावंत, ती विंडोजची खिडकी उघडलीत. चालेल, दोन्ही मोकळं सोडा, खाली डायल दाबा.

सावंत (ऑफिस): लागलं.

सावंत (ऑफिस): गेली बिलं सगळी. ४०३ चं पण.

ए-१०४ देशपांडे: 😂😂

बी-२०४ गोखले: काम झालं की डिस्कनेक्ट करा.

बी-२०४ गोखले: सावंत?

बी-३०१ पाटील: जेवायला गेले असतील.

बी-२०४ गोखले: म्हणजे चालूच आहे!!

सी-२०२ देवकाका: घाबरू नका. रिकामं राहिलं तर पाच मिनिटांनी तोडायचं, असंही लावून ठेवलंय. आधी तिथे 'नेव्हर' होतं.

ए-३०२ जोशीकाका: आणि रिकामं राहिलंच नाही तर? अँटिव्हायरस चालू असेल तर?

सी-२०२ देवकाका: हा मुद्दा मात्र बरोबर आहे.

बी-२०४ गोखले: मी खाली जाऊन बघतो.

बी-२०४ गोखले: कुलूप आहे.