गादी झिजते की जिरते?

टिळकवाडीकर:
मणक्याच्या विकारांवरील एका माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करताना मी एकाच वाक्यावर तीन दिवस अडलो आहे. मूळ आशय असा, की दोन मणक्यांमधील चकतीचा ऱ्हास होऊ लागला म्हणजे तिच्या पेशींतील काही जनुकांचे कार्य वाढते आणि काहींचे मंदावते. मी ‘जनुकांची अभिव्यक्ती बदलते’ असे लिहिले. ते वाचून आमच्या आईने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, ‘‘अभिव्यक्ती म्हणजे ती स्वातंत्र्याबरोबर येते तीच ना? ती माझ्या कमरेत कधी शिरली?’’ जाणकारांनी मार्ग सुचवावा.

खानापूरकर:
आधी ती चकती काढून टाका. चकती कापलेल्या काकडीची असते. मणक्यांत असते ती गादी. गादी सरकते, गादी दबते, असेच आमच्याकडे सगळे म्हणतात. मात्र लोकांचा प्रत्येक शब्द डोक्यावर घ्यावा असेही नाही. ‘मणक्यांत गॅप पडला’ हा प्रयोग पाहा. गेल्या महिन्यात शेजाऱ्यांनी आपला एक्स-रे आणून दाखवला आणि गॅप फार वाढल्याचे सांगितले. मी फिल्म खिडकीशी धरली, तर खालचे दोन मणके जवळजवळ एकमेकांना टेकलेले होते. गादीतील पाणी कमी होऊन तिची उंची घटते, म्हणजे अंतर कमी होते. आणि आपण त्यालाच गॅप म्हणतो.

निपाणीकर:
गादी मान्य आहे, परंतु त्यामागोमाग ‘झीज’ येणार, आणि माझा विरोध तिला आहे. सहाणेवर चंदनाचे खोड झिजते, तेव्हा ते स्वतः काहीच करीत नाही. गादीचे तसे नाही. तिच्या गाभ्यात पाणी धरून ठेवणारे अ‍ॅग्रिकन हे द्रव्य आणि कोलॅजनच्या दुसऱ्या प्रकाराचे तंतू असतात. ऱ्हास होताना ही दोन्ही घडवणाऱ्या जनुकांचे काम मंदावते, तर एमएमपी-१३ आणि अ‍ॅडॅम्‌टीएस-५ यांसारखी, तंतू आणि अ‍ॅग्रिकन तोडणारी विकरे तयार करणाऱ्या जनुकांचे काम वाढते. त्यात इंटरल्यूकिन-१ सारखे दाहकारक रेणू भर घालतात. अशा प्रकारे ज्या पेशींनी गादी सांभाळायची, त्याच ती पचवू लागतात. म्हणून ‘गादी जिरते’ असे म्हणावे. शब्द शुद्ध मराठी आहे आणि अर्थालाही सच्चा आहे.

चिकोडीकर:
मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझे निम्मे रुग्ण कन्नड बोलतात. तेही ‘सवेत’ म्हणजे झीजच म्हणतात, त्यामुळे या बाबतीत तरी सीमेच्या दोन्ही बाजूंचे एकमत आहे. निपाणीकर, आपला ‘जिरणे’ मला आवडला असता, पण तो आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे. गादीचा बाहेर आलेला तुकडा पुष्कळ रुग्णांत काही महिन्यांत शरीर आपोआप शोषून घेते, आणि त्यांना धीर देताना आम्ही ‘तो जिरून जाईल’ असेच सांगतो. एकाच माहितीपत्रकात वाईट बातमीला आणि चांगल्या बातमीला एकच क्रियापद वापरले, तर रुग्णाने काय समजावे?

निपाणीकर:
अन्न जिरते आणि दुसऱ्याची खोडही जिरते. त्यात मराठी माणसाचा गोंधळ होत नाही.

टिळकवाडीकर:
माझा प्रश्न जनुकांचा होता. निपाणीकरांचे ‘काम वाढते’ सोपे आहे, पण मनाला पटत नाही. संशोधक बहुधा शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीतील संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन घडवण्याचा जनुकाचा संदेश नेणारा रेणू, मोजतात. संदेश वाढला म्हणजे प्रथिन त्याच प्रमाणात वाढलेच असे नाही, आणि ‘काम’ म्हटले की वाचक थेट परिणामापर्यंत पोहोचतो. ‘प्रकटन’ चालेल का?

खानापूरकर:
प्रकटन म्हटले की पंचायतीच्या फलकावर चिकटवलेली नोटीस आठवते. अर्थात जनुकही एक प्रकारे नोटीसच काढते म्हणा.

चिकोडीकर:
रुग्णाच्या दृष्टीने खरी अडचण वेगळीच आहे. जनुक म्हटले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘‘म्हणजे हे आमच्या घराण्यातच आहे का?’’ कन्नडमध्ये तर जनुकाला वंशवाही म्हणतात, त्यामुळे तिथे शंकेला जागाच उरत नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहे हे खरे, आणि फिनलंडमधील जुळ्या भावांच्या अभ्यासांत तो बराच मोठा दिसला. परंतु आजोबांकडून आलेले जनुक आणि वयानुसार किंवा दाहामुळे त्याच जनुकाचा आवाज चढणे-उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपले वाक्य दुसरीविषयी आहे.

निपाणीकर:
वंशवाही हा शब्द संस्कृतच आहे, तेव्हा त्याला कन्नड म्हणून हिणवू नये. जनुक तरी काय, ‘जन्’ धातूला ‘जीन’शी जुळणारे रूप देऊन बसवलेला शब्द आहे. तो मला प्रथमपासूनच बनावट वाटत आला आहे.

चिकोडीकर:
मी हिणवले नाही. माझे शिक्षण कन्नड माध्यमात झाले आहे.

खानापूरकर:
बनावटीचाच प्रश्न असेल, तर ‘विकर’ आपण कोणत्या शेतातून उपटून आणलात? आमच्याकडे शाळेतही एन्झाइमच म्हणत.

टिळकवाडीकर:
माहितीपत्रक सोमवारी छपाईला जाणार आहे. आईने तोवर तिसरे वाक्य वाचले असून, ‘गाभा’ हा शब्द फणसाला असतो की केळीला, असे ती विचारते आहे.

निपाणीकर:
केळीला. फणसाला पाव असते.