‘वुड यू माइंड’ला उत्तर काय द्यायचं? आणि रोजच्या इंग्रजीतल्या आणखी काही अडचणी

प्रश्न : ‘वुड यू माइंड क्लोजिंग द डोअर?’ असं कुणी म्हटलं, तर ‘येस’ म्हणायचं की ‘नो’? शब्दकोशात माइंड म्हणजे मन असं दिलंय. त्यावरून काहीच अर्थबोध होत नाही.

उत्तर : दार लावायची तयारी असेल तर ‘नो’. इथे माइंड हे नाम नाही, क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ ‘हरकत असणे’. ‘दार लावायला तुमची हरकत नाही ना?’ ‘छे, अजिबात नाही.’ असा प्रश्न मराठीत आला की आपण बिनचूक उत्तर देतो. तेच इंग्रजीत ‘नॉट ॲट ऑल’. स्वतःसाठी परवानगी मागायची असेल तर ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ आणि त्याला ‘नो, गो अहेड’. बोलण्याच्या ओघात लोक ‘शुअर’ म्हणतात आणि लगेच उठून दार लावतात, तेही चालतं, कारण कृतीवरून होकार कळतो. नुसतं कोरडं ‘येस’ मात्र टाळा, त्याचा सरळ अर्थ ‘हो, हरकत आहे’ असा होतो. आणि माइंडच्या मागून येणाऱ्या क्रियापदाला ‘इंग’ लागतो, ‘टू’ नाही : माइंड क्लोजिंग, माइंड वेटिंग.

प्रश्न : पण एवढं आडवळण कशाला? ‘क्लोज द डोअर, प्लीज’ पुरेसं नाही का?

उत्तर : घरात, मित्रांत पुरेसं आहे. अनोळखी माणसाला किंवा वरिष्ठांना म्हटलं तर ते ‘प्लीज’सकट हुकमासारखं लागू शकतं. मराठीत मान क्रियापदातच असतो : दे, द्या, देता का, द्याल का. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण या तिघांना मिळून एकच ‘यू’. मग अदब ठेवायची कुठे? ती ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’ अशा रचनांत ठेवलेली असते. म्हणूनच मला वाटतं, असं वाक्य शिकताना शब्दाच्या अर्थाआधी तीन गोष्टी विचाराव्यात : हे कोण म्हणतं, कुणाला म्हणतं, आणि त्यावर काय उत्तर येतं.

‘कुड’ला भूतकाळ समजून बरेच जण बिचकतात. खरं तर ही युक्ती आपल्याकडेही आहे. ‘जरा विचारायचं होतं’ असं आपण म्हणतो तेव्हा विचारायचं आत्ताच असतं, ‘होतं’ने फक्त बोलणं मऊ होतं. ‘आय वॉन्टेड टू आस्क’ हे अगदी तसंच. ‘आय ॲम अफ्रेड’ही याच घरातलं. ‘आय ॲम अफ्रेड शी इज नॉट इन’ म्हणणारा घाबरलेला नसतो. ‘माफ करा, त्या नाहीयेत’ एवढंच तो सांगतो. नकोशी बातमी देताना हे दोन-तीन शब्द पुढे लावायची सवय करून घ्या, फार उपयोगी पडते.

प्रश्न : ‘हॅवन्ट यू ईटन?’ला ‘येस’ म्हटलं तर समोरच्याला वाटलं माझं जेवण झालंय. माझं तर व्हायचं होतं.

उत्तर : मराठीत ‘जेवला नाहीस?’ला ‘हो, अजून नाही’ असं सहज तोंडी येतं. तो ‘हो’ प्रश्नाला दुजोरा देतो. इंग्रजीत ‘येस-नो’ प्रश्नाकडे बघत नाहीत, घडलेल्या गोष्टीकडे बघतात. जेवण झालं असेल तर ‘येस, आय हॅव’, नसेल तर ‘नो, आय हॅवन्ट’, प्रश्न कसाही विचारलेला असो. एकटं ‘येस’ किंवा ‘नो’ बोलूच नका, शेपूट जोडूनच पाठ करा. घोटाळा व्हायला जागाच उरत नाही.

प्रश्न : ‘पर्यंत’साठी ‘बाय’ की ‘अन्टिल’?

उत्तर : फार चांगला प्रश्न, कारण इथे मराठीचा एक शब्द इंग्रजीत दोन ठिकाणी फुटतो. ‘अहवाल सोमवारपर्यंत पाठवा’ : पाठवणं एकदाच व्हायचं आहे, सोमवार ही शेवटची मुदत. म्हणून ‘सेंड इट बाय मंडे’. ‘मी सोमवारपर्यंत रजेवर आहे’ : रजा तोवर सलग चालू आहे. म्हणून ‘अन्टिल मंडे’. कसोटी सोपी आहे. ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ किंवा ‘उशिरात उशिरा’ घालून बघा, वाक्य टिकलं तर ‘बाय’. ‘सोमवारच्या आत रजेवर आहे’ टिकत नाही, म्हणजे ‘अन्टिल’. खुद्द सोमवार रजेत धरायचा की नाही, हे ‘अन्टिल’ने दर वेळी स्पष्ट होत नाही. अमेरिकन इंग्रजीत ‘थ्रू मंडे’ म्हटलं की सोमवार धरून. मुदतीचा व्यवहार असेल तर सरळ विचारून घ्यावं.

प्रश्न : पुट ऑफ, पुट आउट, पुट अप विथ... यांच्या याद्या पाठ करून दमलो.

उत्तर : याद्या सोडा. सी. के. ऑग्डन या ब्रिटिश भाषाभ्यासकांनी 1930 साली ‘बेसिक इंग्लिश’ हे मोजक्या शब्दांचं सोपं इंग्रजी मांडलं : 850 शब्द आणि क्रियापदं फक्त 18, त्यांत पुट, गेट, टेक, गिव्ह, मेक, गो अशी. एवढ्या थोड्या क्रियापदांवर भागवायचं म्हणजे कामाचा भार त्यांना जोडून येणाऱ्या छोट्या शब्दांवर पडणार. शिकणाऱ्याची खरी अडचण तिथेच असते. पुट येतं, ऑफ येतं, पण ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं हे दोन्हींवरून कळत नाही.

मात्र हा प्रकार आपल्याला परका नाही. आपलं ‘लागणे’ बघा : भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, नाद लागतो, गाडी लागते. ‘लागणे’चे अर्थ कुणी यादी करून शिकवले नाहीत, प्रत्येक वेळी आपण तो जोडीनेच ऐकला. ‘पुट ऑफ’ही तसंच ‘मीटिंग’सोबत ऐका आणि लिहा, ‘पुट आउट’ (विझवणं) ‘फायर’सोबत, ‘पुट अप विथ’ (सहन करणं) ‘नॉइज’सोबत. वहीत एकटा शब्द आणि समोर मराठी अर्थ असं न लिहिता पूर्ण वाक्य लिहा, तुमच्या कामात खरंच वापरलं जाईल असं.

सर्वनामाची जागा तेवढी सांभाळा. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही बरोबर, पण ‘इट’ आलं की ते मध्येच : ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ होत नाही. ‘टर्न इट ऑफ’, ‘पिक इट अप’ यांचंही तसंच. ‘पुट अप विथ’ मात्र फुटत नाही, तिथे ‘इट’ शेवटीच येतं.