नाडी लागते, तेवढ्यावर थांबू नये

मनगटातल्या धमनीतून नळी घालून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर तिथे नाडी लागत असेल तर ती धमनी उघडी आहे असे समजावे, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. अंगठ्याकडची धमनी बंद पडली तरी करंगळीकडच्या धमनीचे रक्त तळहातातल्या कमानीतून उलट फिरून येते, त्यामुळे ठोका जाणवू शकतो आणि बहुधा हात दुखतही नाही. मधुमेह, स्त्री असणे, लहान चण यांवरून धमनी बंद पडण्याच्या धोक्याचा अंदाज येतो हे मान्य. पण धमनीच्या मानाने जाड नळी, कमी पडलेले हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) आणि नळी काढल्यावर रक्त थांबवायला मनगटावर बांधलेला, पण प्रवाह पूर्ण थांबेल इतका घट्ट, फार वेळ ठेवलेला पट्टा यांकडे मी आधी पाहीन, कारण ते टाळता येते.

माझ्या आईचे मनगट फार बारीक. इथे सोलापुरात तिने आयुष्यभर विड्या वळल्या. नाडी लागते म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी तिच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर लावून करंगळीकडची धमनी दाबली, आणि पडद्यावरची नाडीची लाट सपाट झाली, म्हणजे अंगठ्याकडची धमनी बंद होती. पट्टा काढल्याबरोबर हे पाहिले असते, तर करंगळीकडची धमनी तासभर दाबून ठेवून बंद पडलेली वाट उघडण्याचा प्रयत्न तरी करता आला असता.