हळदवाल्या छोट्या शेतकऱ्याला आधी काय द्यायचं: रास्त भावाचा करार की धंद्याचं शिक्षण?

कृष्णाकाठ (मिरज)
आमच्या भागात एक-दोन एकर हळद लावणारेच जास्त. पीक नऊ महिने रानात. नंतर काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश. शंभर किलो ओली हळद वाळून वीस-पंचवीस किलो हातात येते. एवढं राबून माल सांगलीच्या सौद्याला नेला की भावावर आपलं काही चालत नाही. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद झालाच. पण विक्रीच्या पट्टीवरचा (पावतीवरचा) आकडा त्यानं बदलला नाही.

म्हणून फेअरट्रेडचा, म्हणजे रास्त भावात घेतलेल्या मालावर लागणाऱ्या शिक्क्याचा, विचार मांडतोय. या शिक्क्याची सुरुवात १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये 'मॅक्स हावेलार' या नावानं झाली, मेक्सिकोतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या कॉफीपासून. करार शेतकऱ्यांच्या संघटनेशी होतो. काही पिकांना किमान भाव ठरलेला असतो, शिवाय वर प्रीमियमची रक्कम मिळते. ती गोदामाला लावायची की शाळेला, हे सभासदांची सभा ठरवते. गावागावात गट करून आपण या वाटेनं जावं, असं माझं ठाम मत आहे.

यार्डाजवळचा
आमच्या घरात आडतीचा, म्हणजे शेतकऱ्याचा माल यार्डात विकून देऊन कमिशन घेण्याचा, धंदा आहे, हे आधीच सांगतो. शिक्का मिळाला म्हणजे माल विकला गेला असं होत नाही. तपासणीची फी गटानं भरायची, नोंदी वर्षभर ठेवायच्या, आणि शेवटी परदेशी खरेदीदार जेवढा माल उचलेल तेवढ्यालाच तो प्रीमियम. उरलेला माल याच यार्डात येणार. किमान भावही सगळ्या पिकांना नसतो.

लोक आडत्याला नावं ठेवतात. लावणीला बेणं आणि खत घ्यायला, घरात कुणी आजारी पडलं तर दवाखान्याला, उचल कोण देतं? कागद न मागता देतो आम्ही.

माणदेशी (म्हसवड)
दादा, त्या उचलीतच माणूस अडकतो. उचल घेतली की माल तुमच्याच गाळ्यावर आणावा लागतो, दुसरीकडं दोन रुपये जास्त मिळत असले तरी. आडत, हमाली, तोलाई, कडता (वजनातली कपात) वजा होऊन हातात काय राहिलं, हे घरातल्या बाईला कुणी सांगतही नाही. भांगलण मात्र तिनंच केलेली असते.

आमच्याकडं म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. बाया निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला होता. त्या शिकल्या, परत गेल्या, आणि व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो, तुमच्या साहेबांनीही कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवावं म्हणाल्या. पुढं बायकांसाठी धंद्याची शाळा निघाली, बसमध्ये वर्ग भरवून गावोगाव गेली. म्हणून सांगते, आधी हिशोब शिकवा. स्वतःची आणि घरच्यांची मजुरी खर्चात धरली की एकरी फायद्याचं खरं चित्र दिसतं. ते दिसल्याशिवाय करारातला भाव रास्त आहे की नाही, कशावरून ठरवणार?

वाळव्याचा ऊसवाला
ताई, आदर ठेवून विरोध करतो. शेतकरी गरीब आहे कारण त्याला हिशोब येत नाही, असा अर्थ यातून निघतो आणि मला तो मान्य नाही. राज्यात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे, २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे. वीस गुंठेवाल्याला कितीही वर्ग लावा, त्याचं रान वाढत नाही. उसाला एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान भाव, आहे, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. पैसे थकतात, आंदोलनं करावी लागतात, पण बोट ठेवायला कायदा तरी आहे. हळदीला आणि बेदाण्याला तो आधार नाही. द्राक्षं नेऊन पैसे न देता पसार झालेला व्यापारी आमच्या पाहुण्यांनी बघितलाय. त्यांच्या वहीत एक रुपयाची चूक नव्हती.

कृष्णाकाठ (मिरज)
कायदा हवाच, पण तोवर काय? पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. हळद आणि बेदाणा दोन्ही त्यात बसतात. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, हळदीवर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज, मुदत १८० दिवस. आवकेच्या गर्दीत माल स्वस्तात विकावा लागत नाही.

संचालक, उत्पादक कंपनी (पलूस)
इथं मी अनुभवावरून बोलतो. शेतकऱ्यांच्या दहा हजार उत्पादक कंपन्या उभ्या करायची केंद्राची योजना २०२० मध्ये आली. सपाट भागात किमान ३०० सभासद. भागभांडवलाला जोड म्हणून सभासदामागं २,००० रुपयांपर्यंत, एका कंपनीला जास्तीत जास्त १५ लाख. व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत. सभासद गोळा होतात, सभा होतात, जेवणं होतात. पण हंगामात शेतकरी आपल्या काट्यावर माल घेऊन येतो तेव्हा त्याला त्याच दिवशी रक्कम लागते. आमच्याकडं खेळतं भांडवल नसतं, आणि सभासद कंपनीच्या दारावरून गाडी पुढं यार्डात नेतो. त्याला दोष देता येत नाही, घरी पोरीचं लग्न असतं. तारण कर्जातही थोड्या मालाचा शेतकरी अडतो: दहा-बारा पोत्यांसाठी गाडीभाडं आणि दोन चकरा कोण करणार?

म्हणून माझं मत असं की प्रत्येक सभासदाला धंदा शिकवत बसू नका. पाच-सात संचालकांना नीट तयार करा: लॉट वेगळे ठेवणं, कर्क्युमिनची (हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याची) तपासणी, जीएसटी, करारातल्या बारीक अटी वाचणं. आणि खरेदीदाराकडून आगाऊ रक्कम मागायला शिका. फेअरट्रेडमध्ये संघटनेनं मागितली तर तशी तरतूद आहे. या धाग्यात त्याबद्दल कुणीच बोललं नाही.

माणदेशी (म्हसवड)
पाच-सात जणच शिकले तर त्यांना विचारणार कोण? सहकारात आपण हेच भोगलंय. सभेत ताळेबंद वाचला जातो आणि सगळे हात वर करतात. संचालकांना शिकवा, हरकत नाही, पण प्रत्येक घरातल्या एका बाईला पट्टी आणि ताळेबंद वाचता आलाच पाहिजे. कंपनीच्या सभासद यादीत बायकांची नावं किती आहेत, ते आधी सांगा.

संचालक, उत्पादक कंपनी (पलूस)
फार कमी. सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून सभासदही तोच.

यार्डाजवळचा
वडिलांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, कंपनीनं काट्यावरच निम्मी रक्कम हातात दिली आणि उरलेली पंधरा दिवसांत खात्यावर टाकली, तर लहान मालवाला आमच्याकडं येणार नाही. पण लावणीच्या वेळची उचलही कंपनीलाच द्यावी लागेल. ती कुठून देणार, याचं उत्तर मला अजून वरच्या कुठल्याच प्रतिसादात दिसलं नाही.