जुलमी राजवटीच्या देशाला सरकारने धान्य पाठवावं का?

निळीशाई

परवा जेवताना घरात विषय निघाला, तो अजून मिटलेला नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत भारताने पाकिस्तानच्या रस्त्याने अफगाणिस्तानला गहू पाठवायला सुरुवात केली. एकूण ५० हजार टन द्यायचं जाहीर केलं होतं. धाकटा भाऊ म्हणतो, ज्यांनी मुलींच्या शाळा बंद ठेवल्या त्यांच्या राज्यात धान्य ओतणं म्हणजे त्यांचाच भार हलका करणं. लोकांचं पोट भरणं हे सरकारचं काम. ते दुसऱ्या कुणी भरलं की सरकारकडे बंदुकांना पैसे उरतात. आई म्हणते, त्या पोरांनी काय तालिबानला बोलावलं होतं?

मला दोघांचंही पटतं, म्हणून पंचाईत. 'माणुसकी' आणि 'राष्ट्रहित' हे दोन शब्द आमच्याकडे वापरून झिजलेत. प्रत्यक्षात अशा धान्याचं काय होतं, कुणी जवळून पाहिलं असेल तर सांगा.

कडू_गोड

भाऊ बरोबर आहे. उत्तर कोरियाचं बघा. १९९५ च्या पुरानंतर त्यांनी जगाकडे हात पसरले, आणि त्या काही वर्षांत लाखो माणसं भुकेने मेली. पण बाहेरून धान्य यायला लागल्यावर त्या सरकारने स्वतःच्या पैशाने होणारी आयात कमी केली. म्हणजे मदत ताटात वाढली नाही, तिजोरीत वाढली. १९९८ मध्ये 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था तिथून बाहेर पडली. ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत आम्हाला पोचू दिलं जात नाही, असं जाहीर सांगून.

इराकचंही तेच. निर्बंध असताना तेल विकून अन्न घेऊ देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेत सद्दामच्या सरकारने कंपन्यांकडून सुमारे १८० कोटी डॉलर वरकमाई केली, असं २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या व्होल्कर चौकशीत निघालं. आणि रेशन सरकारच्याच हातून मिळत असल्यामुळे लोक आणखी मिंधे झाले ते वेगळंच.

पाठवू नये. विषय संपला.

तोलकाटा

विषय संपत नाही हो, कडू_गोड. पण तुमची माहिती चूक नाही, त्याकडे येतो.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. एका मदतसंस्थेच्या गोदामात चार वर्षं मालाची मोजदाद केली. देशाचं नाव घेत नाही, ओळखीची माणसं अजून तिथेच आहेत. काम साधं. ट्रक आला की वेबिल (मालासोबतचा कागद) घ्यायचं, पोती मोजायची, दहातलं एक काट्यावर चढवायचं, भिजलेली-फाटलेली बाजूला काढायची, टॅली शीटवर, म्हणजे मोजणीच्या तक्त्यावर, सही करायची. शिवण बघायला मी तिथे शिकलो. कारखान्यातली शिवण एकसारखी असते. वाटेत पोतं उघडून पुन्हा शिवलं असेल तर दोरा जाड असतो आणि टाके तिरके. धोरण-बिरण माझ्या आवाक्यातलं नव्हतं, मला गोदामाच्या दारातून जे दिसलं तेवढंच.

चोरी म्हटली की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लष्कराचा ट्रक येतो. चार वर्षांत तसं मी एकदाच पाहिलं, आणि त्याचीही त्यांनी पावती दिली! बाकी वेळी माल जागेवर असायचा, आकडे जुळायचे. चोरी व्हायची यादीत.

कुणाला धान्य मिळणार याची यादी स्थानिक प्रशासन द्यायचं. एका गावाची यादी ३१२ घरांची होती. वाटपानंतर महिन्याभराने आमची माणसं घरोघर जाऊन विचारायची, किती मिळालं, कधी मिळालं, कुणी दिलं. एकदा हाताखाली माणूस कमी होता म्हणून मलाही नेलं. गावाच्या टोकाला १९ घरांची वस्ती होती, तिथे कुणालाच काही मिळालेलं नव्हतं. मुखियाला विचारलं तर तो अगदी शांतपणे म्हणाला, "ती वस्ती आमच्या गावात येत नाही." वस्ती त्याच्या दारातून दिसत होती. तिथली दोन पोरं सरकारच्या विरुद्ध बाजूला गेली होती, एवढंच कारण. एक म्हातारी म्हणाली, "आमची नावं लिहायच्या वेळी त्यांची शाई संपली." त्या महिन्याच्या माझ्या टॅली शीटवर एका पोत्याचाही फरक नव्हता. सही माझीच.

तेव्हापासून 'पाठवावं का' हा प्रश्न ऐकला की मी आधी विचारतो, यादी कोण करणार?

१९२१ मध्ये रशियात व्होल्गा नदीकाठी दुष्काळ पडला तेव्हा अमेरिकेतून धान्य पाठवणारा हर्बर्ट हूवर कट्टर कम्युनिस्टविरोधी होता. त्याच्या संस्थेने रीगा शहरात सोव्हिएत सरकारशी करार केला तो याच मुद्द्यावर अडून: स्थानिक माणसं आम्ही निवडणार, वाटप आमच्या देखरेखीखाली होणार. लेनिनच्या लोकांना हे मुळीच आवडलं नव्हतं. पण माणसं मरत होती, त्यांनी मान्य केलं. १९२२ च्या ऑगस्टमध्ये रोज एक कोटीहून जास्त लोक त्या अन्नावर होते. आता भावाच्या बाजूने बोलायचं तर, बोल्शेविकांना, म्हणजे लेनिनच्या पक्षाला, त्याचा फायदा झालाच. पुढे दुष्काळ पुरता सरला नसताना ते धान्य निर्यात करायला निघाले, आणि १९२३ मध्ये हूवरच्या संस्थेने तिथलं काम आवरलं. तरी ती एक कोटी माणसं जेवली होती, हे मला वजा करता येत नाही.

उलट टोक म्हणजे १९८४-८५ चा इथिओपिया. तिथला हुकूमशहा मेंगिस्तू याच्या सरकारला उत्तरेतली, बंडखोरांच्या भागातली माणसं उचलून नैर्ऋत्येला नेऊन वसवायची होती. उपाशी माणसं अन्नकेंद्रांवर गोळा व्हायची, आणि तिथूनच कित्येकांना जबरदस्तीने नेलं जायचं. त्या हलवाहलवीत हजारो मेले. धान्याचं आमिष झालं ते असं. कडू_गोड यांनी सांगितलेल्या त्याच डॉक्टरांच्या फ्रेंच शाखेने याविरुद्ध तोंड उघडलं, तर डिसेंबर १९८५ मध्ये तिला देशाबाहेर काढलं. गप्प बसलेल्या संस्था राहिल्या आणि जेवू घालत राहिल्या. त्या गप्प बसलेल्यांवर मी दात खाऊ शकत नाही, मीही सह्या केल्यात.

आता उत्तर कोरिया. तुमचा आयातीचा मुद्दा पक्का आहे, मला तो खोडता येणार नाही. पण गोष्ट १९९८ ला थांबली नाही. बरीच वर्षं तिथे कोरियन भाषा येणारा परदेशी निरीक्षकच चालत नसे. म्हणजे आमच्यासारख्या मोजणाऱ्याने म्हातारीशी बोलायचं ते सरकारी दुभाष्यामार्फत. २००८ मध्ये अमेरिकेने ५ लाख टन देऊ केले तेव्हा अट घातली की कोरियन बोलणारी माणसं आत हवीत, आणि ती आत गेली. मार्च २००९ मध्ये त्याच सरकारने उरलेलं धान्य नको म्हणून कळवलं आणि अमेरिकी संस्थांना निघून जायला सांगितलं. तोवर जेमतेम एक तृतीयांश माल उतरला होता. कारणं बरीच असतील, पण मला त्यात मुखियाच दिसतो. धान्य गेलं तरी चालेल, यादी सोडायची नाही.

एक बारीकशी गोष्ट, जी वरच्या चर्चांमध्ये येत नाही: काय पाठवता यावरही बरंच ठरतं. तांदूळ आणि तेल मोठ्यांच्या घरात जातं. आमच्याकडे तेलाचे डबे सगळ्यात आधी कमी भरायचे. मका-सोयाचं पीठ, जे लहान मुलांना पाण्यात शिजवून द्यायचं, त्याला कुणी अधिकारी हात लावत नसे. ते खाऊन पाहिलंत तर कळेल का ते.

उंबरठा

तोलकाटा, प्रतिसाद जपून ठेवला. पण तुम्ही देणाऱ्याला फार सहज सोडलंत. यादी फक्त हुकूमशहा करतो का? १९७४ मध्ये बांगलादेशात दुष्काळ असताना अमेरिकेने धान्य अडवून धरलं होतं, का तर बांगलादेशाने क्यूबाला तागाची पोती विकली म्हणून. पोती! आणि २०१२ मध्ये २९ फेब्रुवारीला उत्तर कोरियाशी २ लाख ४० हजार टन पोषक अन्नाचा समझोता जाहीर झाला, एप्रिलमध्ये त्यांनी रॉकेट उडवलं, समझोता गेला. मुलांचं आणि गरोदर बायांचं अन्न होतं ते. रॉकेट त्या मुलांनी उडवलं होतं का?

निळीशाई, अफगाणिस्तानबद्दल: तुम्ही म्हणता त्या गव्हाचं वाटप तालिबानकडे नव्हतं, संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे होतं. हे भावाला सांगा. पण डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मदतसंस्थांमधल्या बायकांना कामाला बंदी केली, हेही सांगा, कारण घरातल्या बाईला काय मिळालं हे विचारायला बाईच लागते. आणि तिसरं, २०२३ मध्ये तिथल्या सुमारे एक कोटी लोकांचं अन्न थांबलं ते मुख्यतः देणाऱ्या देशांचा पैसा आटला म्हणून. तेव्हा मात्र अशी तावातावाने चर्चा कुठे दिसली नाही.

कडू_गोड

क्यूबाचं माहीत नव्हतं. पण त्याने माझा मुद्दा पडत नाही. देणारा वाईट म्हणून घेणारा चांगला ठरत नाही.

निळीशाई

सगळं भावाला वाचून दाखवलं. तागाच्या पोत्यांवर तो थांबला, मग म्हणाला, "ठीक आहे, मग थांबवायचं कधी ते त्यांनाच विचार." तर तोलकाटा, विचारते. यादी हातात येत नाही असं कळलं की निघून यायचं का? मग त्या १९ घरांबरोबर उरलेली ३१२ पण उपाशी.

तोलकाटा

भावाला नमस्कार. नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलं.

मला येमेनमधलं २०१९ चं उदाहरण त्यातल्या त्यात पटतं. हौथी बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात जागतिक अन्न कार्यक्रमाला बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करायची होती, म्हणजे यादी हौथींच्या हातून काढायची होती. ते ऐकेनात. मग आधी जाहीर इशारा दिला, आणि जूनमध्ये फक्त राजधानी सना शहरातलं वाटप थांबवलं. सुमारे साडेआठ लाख लोकांना त्याचा फटका बसला, पण कुपोषित मुलांचं आणि आयांचं अन्न चालू ठेवलं. ऑगस्टमध्ये समझोता झाला, वाटप पुन्हा सुरू. पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही, २०२३ च्या अखेरीला त्याच भागातलं सर्वसाधारण वाटप पुन्हा थांबवावं लागलं. तरी पहिल्या वेळची पद्धत बघा: आधी सांगून, एका जागी, पोरांना वगळून.

२०२३ मध्ये इथिओपियात नेमकं उलटं केलं. धान्य वळवलं जातंय हे उघड झालं तर आधी उत्तरेतल्या तिग्राय प्रांताचं आणि मग अख्ख्या देशाचं वाटप थांबवलं, कित्येक महिने. त्यात शेजारच्या देशांतून आलेले निर्वासितही गेले. मी अशा गोदामात उभा राहून पाहिलंय, माल छतापर्यंत रचलेला, दाराला कुलूप, आणि बाहेर माणसं नुसती बसलेली. कुणी दंगा करत नाही. बसून राहतात.

म्हणून माझं उत्तर: पाठवावं, रॉकेटशी आणि मतांशी त्याची गाठ न मारता. आणि कोणत्या गोष्टीवर थांबणार हे पहिला ट्रक निघायच्या आत कागदावर लिहून त्यांच्या हातात द्यावं. मागाहून आलेला राग कुणालाच कळत नाही.

उंबरठा

त्या १९ घरांचं पुढे काय झालं?

तोलकाटा

आम्ही अहवाल दिला, वरून दबाव आला, मुखिया दोनदा गोदामावर येऊन चहा पिऊन गेला. पुढच्या वाटपाच्या यादीत ती १९ घरं आली. म्हातारीचं नाव मी स्वतः वाचलं.

यादी मात्र ३१२ चीच होती. नावं कुणाची गेली ते शोधायला घेतलं, तेवढ्यात माझा करार संपला.