रस्त्यावरील मुलांच्या सेवेसाठी सहकुटुंब परदेशी जाण्याची तयारी : अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे

शिदोरी

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

मी, माझे पती, आमची ११ वर्षांची मुलगी आणि ६ वर्षांचा मुलगा असे चौघे साधारण चौदा महिन्यांनी परदेशी जाणार आहोत. तेथील एका मोठ्या शहरात रस्त्यावर राहणाऱ्या मुलांमध्ये सेवा करावी असे देवाचे पाचारण आम्हां दोघांना गेली काही वर्षे जाणवत होते. आमच्या मंडळीने (चर्चने) ते पुरते पारखून घेतले आणि आता पाठवण्यास संमती दिली आहे. देशाचे नाव येथे लिहीत नाही, कारण तेथील सहकाऱ्यांनी तशी विनंती केली आहे.

मी शिक्षिका आहे, पती हिशेबाच्या कामात आहेत. तेथे एक मोठे घर भाड्याने घ्यावे, सुरुवातीला दहा-बारा मुलांना त्यात आसरा द्यावा, त्यांचे जेवण, शिक्षण व पवित्र शास्त्राची ओळख हे सर्व पाहावे आणि आमचे कुटुंबही त्याच घरात राहावे, अशी आमची योजना आहे. प्रशिक्षण कोणते घ्यावे, भाषेसाठी किती वेळ राखावा, आरोग्याच्या दृष्टीने काय करून ठेवावे आणि आमच्या मुलांना या निर्णयात कसे सामावून घ्यावे, यांबाबत प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगितल्यास उपकार होतील. परवा मुलीने विचारले, “ती मुले आपल्याकडे राहायला आली की माझी खोली कोणाची?” मला उत्तर देता आले नाही.

वाटसरू

भगिनी, आपल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा चांगले देणारे कोणीतरी येथे येईल अशी आशा आहे. मी आपल्या घराच्या योजनेविषयी लिहितो, कारण आम्ही नऊ वर्षे हेच काम केले, घर घेऊनच सुरुवात केली आणि तिसऱ्या वर्षी ते घर स्वतःहून बंद केले.

आमच्याकडे चौदा मुले होती. ती सर्व अनाथ आहेत असे आम्ही गृहीत धरले होते आणि मंडळीला पाठवलेल्या पत्रांतही तसेच लिहीत होतो. एका स्थानिक समाजसेविकेने प्रत्येक मुलाशी सवडीने बोलून माहिती काढली, तेव्हा चौदांपैकी अकरा जणांची आई, आजी किंवा मामा हयात असल्याचे कळले, तेही त्याच शहरात किंवा बसने एका दिवसाच्या अंतरावर. आम्ही विचारलेच नव्हते. मुलेही सांगत नव्हती, कारण ‘कोणी नाही’ म्हटले की या घरात जागा मिळते हे त्यांना पहिल्याच आठवड्यात उमगले होते.

या बाबतीत वाचण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते निघण्यापूर्वीच वाचावे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा आहे. त्या कराराच्या समितीने २०१७ मध्ये खास रस्त्यावरील मुलांविषयी आपले एकविसावे सर्वसाधारण भाष्य प्रसिद्ध केले. रस्त्यावरच राहणारे मूल आणि दिवसभर रस्त्यावर कमाई करून रात्री घरी जाणारे मूल या दोघांचाही विचार त्यात आहे, आणि मुलांना सरसकट उचलून संस्थांत नेण्यावर टीका आहे. संयुक्त राष्ट्रांच्याच २००९ च्या पर्यायी संगोपनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत तर स्पष्ट म्हटले आहे की केवळ गरिबीच्या कारणावरून मुलाला कुटुंबापासून वेगळे करू नये. रुमानियात बुखारेस्ट येथे २००० पासून झालेल्या अभ्यासात संस्थेतील १३६ लहान मुले घेऊन त्यांतील निम्मी चिठ्ठी टाकावी तशी निवडून दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या पालक-कुटुंबांत ठेवण्यात आली. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि माणसांशी जडणारे नाते संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सरस ठरले. मी हे सर्व वाचले तेव्हा आमचे घर सुरू होऊन दोन वर्षे झाली होती, आणि त्या रात्री मला झोप आली नाही हे कबूल करतो.

म्हणून माझा सल्ला असा की पहिली दोन वर्षे स्वतःचे काहीही सुरू करू नये. तेथे आधीपासून काम करणारी, तेथील माणसांनी चालवलेली एखादी संस्था किंवा मंडळी शोधावी आणि तिच्या हाताखाली काम करावे. आठवड्यातील ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या चौकात स्थानिक कार्यकर्त्यासोबत जाऊन बसावे, एवढेच. पहिले चार महिने मुले आपल्याला जोखत असतात: हा पोलिसांचा माणूस आहे का, फोटो काढून निघून जाणारा आहे का, पुढच्या आठवड्यात येईल का. ठरलेल्या दिवशी न जाणे हे तेथील सर्वांत मोठे पाप समजावे.

आणि वस्तू वाटू नयेत. आमच्या पहिल्याच महिन्यात एका नऊ वर्षांच्या मुलाच्या पायाला काच लागलेली पाहून माझ्या पत्नीने त्याला नवे बूट घेऊन दिले. दुसऱ्या दिवशी तो अनवाणीच आला, आणि त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. रात्री थोराड मुलांनी बूट काढून घेतले होते. त्यानंतर आम्ही जखम धुऊन पट्टी बांधू लागलो आणि चप्पल देण्याची वेळ आलीच तर जुनी, वापरलेली देऊ लागलो.

प्रशिक्षण घ्यायचेच असेल तर बालसंरक्षणाचे आधी घ्यावे, बायबल महाविद्यालयाचा अभ्यासक्रम नंतर. कोणताही प्रौढ कोणत्याही मुलासोबत बंद जागेत एकटा राहणार नाही. मुलाचा चेहरा ओळखू येईल असा फोटो निधीच्या पत्रकात छापला जाणार नाही. संशय आल्यास तक्रार कोणाकडे व किती तासांत करायची हे लेखी ठरलेले असेल. हे नियम आपल्याला, आपल्या पतीला आणि भेटीला येणाऱ्या पाळकांनाही सारखेच लागू असावेत. ज्या संस्थेकडे असे लेखी धोरण नाही, तिच्यासोबत जाऊ नये, मग ती कितीही प्रार्थनाशील असो.

दीपस्तंभ

वाटसरू बंधूंच्या अनुभवाचा मान राखून थोडे वेगळे मत मांडतो. डॉ. बर्नार्डो यांनी १८७० मध्ये लंडनच्या स्टेपनी भागात मुलांसाठी पहिले वसतिगृह उघडले. जागा नाही म्हणून एका मुलाला परत पाठवले, तो थोड्याच दिवसांत उघड्यावर मृत सापडला, आणि त्यानंतर कोणत्याही निराधार मुलाला प्रवेश नाकारला जाणार नाही असा नियम त्यांनी केला, ही हकीकत सर्वपरिचित आहे. आज रात्री थंडीत कुडकुडणाऱ्या मुलाला, आधी तुझ्या मामाचा शोध घेतो, असे सांगायचे काय? याकोबाच्या पत्रातील १:२७ मध्ये अनाथांचा समाचार घेण्यास सांगितले आहे. त्यासाठी घराचे दार उघडावेच लागते.

वाटसरू

रात्रीच्या निवाऱ्याला माझा विरोध नाही; आज रात्री छप्पर हवे असेल तर ते द्यावेच. रात्रीचा निवारा आणि मुलाला वर्षानुवर्षे ठेवून घेणारे घर यांत मी फरक करतो. बर्नार्डोंच्याच कामाची पुढची बाजूही पाहावी. त्यांच्या आणि इतर अनेक संस्थांनी १८६९ नंतरच्या सुमारे सात दशकांत एक लाखाहून अधिक ब्रिटिश मुले कॅनडात पाठवली. त्यांतील कित्येकांचे आईवडील जिवंत होते, आणि कित्येकांच्या वाट्याला तेथे केवळ शेतमजुरी आली. मुलांच्या अशा परदेशी पाठवणीबद्दल ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २०१० मध्ये जाहीर क्षमा मागितली. पाठवणारे दुष्ट नव्हते. आपल्यासारखेच प्रार्थना करणारे होते, म्हणूनच मला त्याची अधिक भीती वाटते.

समाचार घेणे म्हणजे ठेवून घेणे नव्हे, एवढेच माझे म्हणणे. ज्या मुलाचे खरोखरच कोणी नाही, त्याच्यासाठी तेथील मंडळीतील एखादे कुटुंब तयार करावे. आमच्या उरलेल्या तीन मुलांपैकी दोघे असेच स्थानिक घरांत वाढले.

परिचारिका

मी आरोग्यापुरतेच लिहिते. चौदा महिने हाताशी आहेत हे उत्तम, कारण हिपॅटायटिस बी लशीच्या तीन मात्रा पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. जाणार त्या देशात पीतज्वराच्या (यलो फिव्हर) लशीचे प्रमाणपत्र मागत असतील तर लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते ग्राह्य होते आणि २०१६ पासून आयुष्यभर चालते. रेबीजची पूर्वलस चौघांनीही घ्यावी, मुलांनी तर नक्कीच: रस्त्यावरच्या मुलांजवळ कुत्री असतातच, आणि लहान मूल ओरखडा लपवते. पूर्वलस घेतली असली तरी चावल्यावर पुढच्या मात्रा घ्याव्याच लागतात, मात्र इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची) गरज उरत नाही, आणि अनेक ठिकाणी नेमके तेच मिळत नाही. क्षयाची तपासणी जाताना व परतल्यावर अशी दोनदा करावी. खरूज घरात आली तर एकाला खाज सुटते म्हणून एकालाच मलम लावण्यात अर्थ नाही. एकाच दिवशी सर्वांनी लावावे.

एक गोष्ट मात्र प्रशिक्षणातही अनेकदा सांगितली जात नाही. नशेसाठी बुटांचा गोंद किंवा थिनर हुंगणारी मुले आपल्याला भेटतील. बाटली बहुधा बाहीत लपवलेली असते आणि बोलताना मूल तोंड बाहीत खुपसते. अशा मुलाला दचकावू नये, त्याच्या हातून बाटली हिसकावू नये आणि त्याच्या मागे धावू नये. त्या वाफांमुळे हृदय ॲड्रेनलिनला (घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाला) फार संवेदनशील झालेले असते. एकाएकी घाबरल्यास ठोक्यांची लय बिघडून मूल जागच्या जागी दगावू शकते. शांतपणे बोलावे, मोकळ्या हवेत बसवावे, गुंगी असेल तर कुशीवर निजवावे.

मिशनऱ्याची लेक

मी आज ३४ वर्षांची आहे. सातव्या वर्षी आईवडिलांसोबत गेले आणि सतराव्या वर्षी शिक्षणासाठी एकटी परत आले. माझ्या आईवडिलांविषयी माझ्या मनात आदर आहे, हे आधीच सांगते.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मुले येत-जात असत, आणि ती माझ्या आईला ‘आई’ म्हणत. सर्वांना ते गोड वाटायचे. मला कोणी विचारले नाही. माझ्या दहाव्या वाढदिवशी मेणबत्त्या लावून झाल्या होत्या, तेवढ्यात एका मुलाला पोलिसांनी धरल्याचा फोन आला आणि बाबा निघून गेले. ते रात्री अकराला परतले, तेव्हा त्यांच्या सदऱ्याला थिनरचा वास येत होता. मी रडले नाही, कारण त्या मुलाच्या दुःखापुढे माझे दुःख क्षुल्लक आहे हे मला पाठ झाले होते. नेमके हेच आपल्या मुलीला पाठ होऊ देऊ नका. मी आपल्या जागी असते तर राहते घर आणि कामाची जागा या दोन्ही पूर्णपणे वेगळ्या ठेवल्या असत्या, आठवड्यातील एक दिवस फोन बंद ठेवला असता, आणि मुलीला ‘नाही आवडत’ असे म्हणण्याची खरीखुरी मुभा दिली असती, मंडळीपुढे साक्ष देण्याच्या प्रसंगीसुद्धा.

शाळेचे आताच ठरवा. अकरा वर्षांची मुलगी बाराव्या-तेराव्या वर्षी नव्या भाषेत शिकू लागेल आणि पाच वर्षांत तिच्यापुढे महाविद्यालयाचा प्रश्न असेल. तिचे प्रमाणपत्र कोणत्या देशात ग्राह्य धरले जाते यावर पुष्कळ काही अवलंबून राहील. सहा वर्षांचा भाऊ तुम्हां सर्वांआधी भाषा बोलू लागेल, आणि मग दुकानात, दवाखान्यात त्यालाच दुभाषी करण्याचा मोह होईल. तो टाळा.

खजिनदार

मी एका पाठवणाऱ्या मंडळीचा हिशेब पाहतो, म्हणून थोडक्यात. मासिक अर्पणाची वचने लेखी घ्यावीत. तोंडी वचनांपैकी पुष्कळशी वर्षभरात विरतात. परतीच्या प्रवासाची आणि परतल्यानंतरच्या सहा महिन्यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी व तिला हात लावू नये. विम्यात रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च आहे का, ते पाहावे. विवाहाचा व जन्माचे दाखले, पदवी, पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र यांवर १९६१ च्या हेग करारानुसार अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारे सरकारी प्रमाणन) करून घ्यावे; तो देश करारात नसेल तर त्यांच्या दूतावासाकडून साक्षांकन लागते. पर्यटक व्हिसावर सेवाकार्य मुळीच करू नये. त्याची शिक्षा आपल्याआधी तेथील सहकाऱ्यांना भोगावी लागते.

भाषेबाबत सांगायचे तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना स्पॅनिशसाठी सुमारे ३० आठवडे आणि स्वाहिलीसाठी ३६ आठवडे पूर्णवेळ वर्ग लागतात असे धरते. आमच्या एका कुटुंबाने तीन महिन्यांत भागेल म्हणून तेवढाच निधी मागितला होता. पुढे वर्षभर ते हातवाऱ्यांवर राहिले.

शिदोरी

सर्वांचे मनापासून आभार. वाटसरू बंधूंचे उत्तर पहिल्यांदा वाचले तेव्हा खरे सांगायचे तर राग आला. पतींनी दुसऱ्यांदा मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा आम्ही दोघेही गप्प झालो. घराची योजना आम्ही बाजूला ठेवली आहे. तेथील एका स्थानिक मंडळीचे दिवसा चालणारे केंद्र आहे, त्यांना पत्र लिहून पहिली दोन वर्षे त्यांच्या हाताखाली काम करू देण्याची विनंती केली आहे, आणि त्यांचे बालसंरक्षणाचे धोरणही मागवले आहे. पहिल्या वर्षी मी फक्त भाषा शिकणार. पती केंद्राच्या हिशेबात मदत करतील.

दीपस्तंभ बंधू, एक शंका आपल्यालाच विचारते: मूल जेवणासाठी आमच्यावर अवलंबून असताना त्याला येशूची सुवार्ता सांगावी का?

दीपस्तंभ

सांगावी, पण जेवणाआधी नव्हे आणि जेवणाच्या बदल्यात तर कधीच नव्हे. भुकेले मूल कशालाही ‘आमेन’ म्हणेल. १९९४ च्या रेडक्रॉस आचारसंहितेत मदतीचा उपयोग धर्ममत पुढे रेटण्यासाठी करू नये असे कलम आहे, आणि ती संहिता घडवणाऱ्यांत चर्चची जागतिक परिषद व कॅरितास ही कॅथलिक मदतसंस्था याही होत्या. मुलाने स्वतःहून विचारले तर मोकळेपणाने सांगावे. बाप्तिस्म्याचा विषय मात्र त्याच्या घरच्यांशी बोलल्याशिवाय काढू नये. येथे माझे आणि वाटसरूंचे एकमत व्हावे.

वाटसरू

आहे.

शिदोरी

काल मुलीला सांगितले की आपले घर वेगळे असेल आणि तिची खोली तिचीच राहील. तिने लगेच विचारले, “दाराला आतून कडी असेल का?” तेथे घर शोधणाऱ्या सहकाऱ्याला पाठवलेल्या यादीत ती अट मी सर्वांत वर लिहिली आहे.